एकोणीस हातांचं फूल

माझी आत्या आयुष्यात एकदाच नवस बोलली. पण असा बोलली, की तो फेडायला अख्खी गल्ली लागली.

तिचं नाव वितांतोनिया. घरात सगळे वीता म्हणायचे. बाबांपेक्षा अकरा वर्षांनी मोठी, बिनलग्नाची, अंगाने चिमणीएवढी. आजी लवकर गेली, म्हणून बाबांना तिनेच वाढवलेलं. बाबा चाळिशी उलटल्यावरही बोटीवर निघाले की ती दारातून ओरडायची, "लोकरीचा बनियन घातलास का रे, मौरो?" आणि धक्क्यापर्यंतचे सगळे मच्छीमार हसायचे.

साल चौऱ्याहत्तर. मी सतरा वर्षांची होते. नोव्हेंबरच्या बावीस तारखेला पहाटे बाबा आणि कोझिमो काका बोट घेऊन गेले. दोघंच. कोझिमो काका सहासष्ट वर्षांचे, बाबांना जाळं टाकायला त्यांनीच शिकवलेलं. राहायला आमच्या समोरच. गल्ली इतकी अरुंद की त्यांची बायको, पाल्मा काकू, स्वतःच्या खिडकीतून आमच्या टेबलावरचं ताट बघून आईला सांगायची, "आज डाळ जरा पातळ झालीय गं."

दुपारी वारा फिरला. संध्याकाळपर्यंत बाकीच्या बोटी बंदरात आल्या. आमची आली नाही.

तिसऱ्या दिवशीही काही कळेना, तेव्हा आत्या मला घेऊन चर्चमध्ये गेली. डाव्या हाताला दुःखी मातेची मूर्ती आहे, काळ्या मखमलीच्या झग्यातली. बायका तिथे गुडघे टेकतात. आत्या उभीच राहिली आणि मोठ्याने बोलली, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं.

"हे बघ आई, मेणबत्ती काय सगळेच लावतात. माझा मौरो परत आला, तर जितके दिवस तो घराबाहेर राहील, तितके हात लांब कार्तेल्लाता करीन. एकच. अखंड. कुठेही सांधा नाही."

मागे फादर गाएतानो उभे होते. त्यांना राहवलं नाही. "वीता, देवाच्या आईला कुणी तळणाचा नवस बोलतं का?"

"तिने मुलगा वाढवलाय, फादर. ख्रिसमसला घरात तळण नसलं की कसं वाटतं, ते तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं."

ख्रिसमसला आमच्याकडे, इटलीच्या दक्षिण टोकाला पुलियात, घरोघरी कार्तेल्लाते होतात. मैद्याला गरम तेलाचं मोहन घालायचं, कोमट पांढऱ्या वाईनमध्ये पीठ भिजवायचं. अगदी पातळ लाटून कातणीने नागमोडी कडेच्या पट्ट्या कापायच्या. पट्टी उभी दुमडली आणि इंचाइंचावर चिमटा घेतला, की तिच्या वाट्या वाट्या होतात. मग ती स्वतःभोवती गुंडाळून गुलाबाचं फूल करायचं, वाळवायचं, तळायचं, आणि अंजिरांच्या काळ्या पाकात बुडवायचं. एका चांगल्या मोठ्या फुलाला एक हात पट्टी लागते. खांद्यापासून मधल्या बोटापर्यंतचा हात, कापड मोजतात तो. आत्या नवस बोलली तेव्हा तिला वाटलं असणार, चार दिवस, फार तर पाच.

सोळाव्या दिवशी तार आली. बोट वाहत पलीकडच्या किनाऱ्याला, आल्बानियात लागली होती. मौरो जिवंत. कोझिमो वारले.

एकोणिसाव्या दिवशी एका मालवाहू जहाजाने बाबांना बारीच्या बंदरात आणून सोडलं. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्याच कुणाचा कोट. आत्याने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, कोटाच्या आत बोट घालून बनियन चाचपला, आणि मग रडली.

बाबा घरात आले ते पलंगाच्या खोलीत जाऊन बसले. विचारलं तर हो, नाही, एवढंच. कोझिमो काकांची टोपी त्यांनी आणली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली. "काकूला दे." समोरच्या दारापर्यंत तीन पावलं होती. ती त्यांच्याने टाकवेनात. पाल्मा काकूने टोपी घेतली आणि माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडे बघत राहिली.  मग खिडकी लावून घेतली.

आत्या नवसाबद्दल चकार शब्द काढेना. आठ दिवस गेले तसं आईने विचारलं, "वन्सं, पीठ कधी भिजवायचं?"

"कसलं पीठ?"

"अहो, नवसाचं."

"समोरच्या घरात माणूस गेलाय गं. मी इथे फुलं तळत बसू?"

मृत्यू झालेल्या घरात त्या ख्रिसमसला कढई चढत नाही. शेजारपाजारचे ताटं नेऊन देतात. म्हणजे आत्याच्या नवसाचं ताट पाल्मा काकूच्याच दारात जाणार होतं. ती दोन दिवस घरात येरझारा घालत होती. मग एका सकाळी सुपाचं भांडं माझ्या हातात देऊन म्हणाली, "चल माझ्याबरोबर. मी एकटी गेले तर परत फिरेन."

पाल्मा काकू स्वयंपाकघरात बसली होती. काळ्या कपड्यांत, टेबलावर टोपी. आत्या बसली नाही.

"पाल्मा, मला काहीतरी सांगायचंय. मी नवस बोलले तेव्हा बोटीवर दोघं होते. मी एकाचंच नाव घेतलं. माझ्या भावाचं. कोझिमो माझ्या मनातसुद्धा आला नाही."

मी भांडं धरून उभी होते. 

पाल्मा काकूने टोपीचा काठ सरळ केला. "मीसुद्धा रोज जात होते की चर्चमध्ये," ती म्हणाली. "मी फक्त कोझिमोचं नाव घ्यायचे. तुझ्या भावाला दोन लहान मुलं, एक लग्नाची पोर, पण माझ्या तोंडी एकदाही त्याचं नाव आलं नाही. आता काय करायचं आपण दोघींनी?"

आत्या खुर्चीवर बसली.

"तुझं ऐकलं गेलं," पाल्मा काकू म्हणाली. "तर फेडून टाक. बोलून फिरशील, तर मग कशालाच काही अर्थ नाही राहायचा."

बावीस डिसेंबरला आम्ही पीठ मळलं. आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या, दारं समोरासमोर. स्वयंपाकघर, मधली खोली, पलंगाची खोली. आत्याचे एकोणीस हात मोजले, तर पट्टी चुलीपासून थेट बाबांच्या पलंगापर्यंत जात होती. शेजारच्या आठ बायका आल्या. टेबलं लावली, टेबलांच्या मध्ये फळ्या टाकल्या, वर पांढऱ्या चादरी अंथरल्या. आधी पिठाची लांबच लांब दोरी वळायची, मग सगळ्यांनी मिळून लाटण्यांनी चपटी करायची आणि शेवटी आत्याने कातणी घेऊन दोन्ही कडा कापत जायचं, असं ठरलं.

पहिली पट्टी अकराव्या हातावर तुटली.

"ओलं बोट लावा आणि दाबा," आई म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला," आत्या म्हणाली.

दुसरी पट्टी पूर्ण झाली. एकोणीस हात. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने दुमडायला घेतली आणि ती कागदासारखी तडकत गेली. दार उघडं होतं, उत्तरेचा कोरडा वारा आत येत होता.  आत्या पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली.

तेवढ्यात समोरची खिडकी धाडकन उघडली.

"दार लावा की, अक्कलशून्य बायांनो! आणि ओली फडकी टाका तिच्यावर! बारा वर्षांच्या पोरी बऱ्या तुमच्यापेक्षा!"

बारा दिवसांत त्या खिडकीतून आलेला तो पहिला आवाज. पाठोपाठ पाल्मा काकू स्वतःच आली. काळ्या झग्याच्या बाह्या कोपरावर सरकवलेल्या. उरलेलं पीठ तिने बोटाने दाबून बघितलं. "घट्ट आहे. वाईन कमी पडलीय. कुणी मळलं हे?"

"मी," आई म्हणाली. मग हळूच, "काकू, पण तुमच्याकडे तर यंदा तळण..."

"माझ्या घरात नाही तळत मी. हे घर तुझं आहे ना? सरक."

तिसरं पीठ पाल्मा काकूने मळलं. अर्धा तास तिंबत होती. जमिनीवरची फरशी हलत होती. शेवटी तिने पिठाचा गोळा माझ्या गालाला लावला. "असं पाहिजे. गालासारखं." त्याची दोरी झाली, दोरीची पट्टी झाली, वर ओली फडकी पडली. आम्ही प्रत्येकीने आपापला तुकडा जपायचा होता. पण पलंगाच्या खोलीतलं शेवटचं टोक धरायला माणूस उरला नाही. बाबा तिथेच पलंगावर बसले होते, भिंतीकडे तोंड करून.

आत्या आत गेली. "धर," म्हणाली.

बाबांनी वर बघितलं.

"जाळी विणतोस ना? धर मग. ओढू नकोस, सोडूही नकोस. मी पुढून घेईन तसा तू पुढे ये."

बाबांनी दोन्ही तळव्यांवर ते टोक घेतलं.

स्वयंपाकघरात टेबलावर मासे भाजायची मोठी गोल जाळी ठेवली होती. तिच्यावरच फूल वळायचं होतं, म्हणजे नंतर उचलावं लागणार नाही. आत्या दुमडत होती आणि चिमटे घेत होती. पाल्मा काकू झालेल्या वाट्या मधल्या कळीभोवती गुंडाळून एकमेकींना चिकटवत होती. एक हात पट्टी संपली की आत्याला मोजायचं होतं. ती मोठ्याने म्हणाली, "एक."

आणि पलंगाच्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"पहिल्या दिवशी इंजिन बंद पडलं."

आमच्यातल्या कुणीही मान वर केली नाही. आत्याची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

"दोन."

"दुसऱ्या दिवशी जाळी पाण्यात सोडली. बोट आडवी होऊ नये म्हणून. ती तुटून गेली."

"तीन."

"पाणी संपत आलं. काका म्हणाले, तू झोप, मी बसतो."

"चार."

"पाऊस पडला. ताडपत्रीत पाणी धरलं. काकांनी गाणं म्हटलं. ते, खलाशाच्या सासूचं."

"अगं बाई," मधल्या खोलीतली कुणीतरी म्हणाली. ते गाणं बायकांसमोर म्हणायचं नसतं. दोघीतिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. पट्टी पुढे सरकत होती. बाबा पलंगाच्या खोलीच्या उंबऱ्यावर आले होते. मला आता त्यांचा चेहरा दिसत होता. ते फक्त तळव्यांकडे बघत होते.

"पाच," आत्या म्हणाली.

"काकांच्या छातीत दुखायला लागलं. म्हणाले, थंडी आहे, बाकी काही नाही. स्वतःचा कोट काढून मला घातला. मी नको म्हटलं तर मारायला उठले."

आत्याने सहावा हात मोजला, पण आकडा तिच्या तोंडून फुटेना. तो पाल्मा काकूने म्हटला. मान खाली, हात चालू.

"सहा."

"पहाटे," बाबा म्हणाले. "डोकं माझ्या मांडीवर होतं. शुद्धीत होते. म्हणाले, पाल्माला सांग..." बाबा थांबले. पट्टी थोडी हलली. सगळ्या जणींनी आपापला तुकडा धरून ठेवला. "म्हणाले, तिला सांग, अंजिरांचा पाक जास्त आटवू नको. दर वर्षी करपवते."



"दर वर्षी?" पाल्मा काकू म्हणाली. "दर वर्षी? एकदाच करपला होता! बासष्ट साली! बारा वर्षं झाली, अजून..." आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून वाहत होतं, आणि ती हसत होती, आणि तिची बोटं पट्टी गुंडाळत होती. एकही वाटी दबली नाही. मी बघत होते म्हणून सांगते. एकही नाही.

"सात," आत्या म्हणाली.

सातव्या दिवशी किनारा दिसला. आठव्या दिवशी तिथल्या लोकांनी काकांना एका टेकाडावर पुरलं. पाद्री नव्हता, घंटा नव्हती. एका म्हातारीने स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल काढून काकांच्या तोंडावर टाकला, आणि संध्याकाळी बाबांना ताट आणून दिलं. तेलात तळलेले पिठाचे गोळे, वर मध. "मला वाटलं आपल्याकडचीच कुणी असेल," बाबा म्हणाले. "बोललो तर तिला एक शब्द कळला नाही. पण मी खाईपर्यंत बसून राहिली."

नऊ. दहा. अकरा. परतीचे कागद येण्याची वाट बघत काढलेले दिवस. "काही नाही," बाबा म्हणायचे. "पाऊस." "काही नाही." तरी प्रत्येक दिवसाला काहीतरी म्हणतच होते. पट्टी त्यांना ओढत होती. मधल्या खोलीतून ते पावलापावलाने येत होते, आणि ते पुढे गेले की त्या त्या जागच्या बायकांचं काम संपत होतं. त्या हात पुसून त्यांच्या मागून येत होत्या. सोळाव्या हाताला ते स्वयंपाकघराच्या दारात होते. अठराव्याला टेबलाशी. जाळीवर बैलगाडीच्या लहान चाकाएवढं फूल झालं होतं. चारशेच्या वर वाट्या.

"एकोणीस."

आता मध्ये फक्त वीतभर पट्टी उरली होती. तिचं एक टोक बाबांच्या तळव्यावर, दुसरं पाल्मा काकूच्या बोटांत.

"एकोणिसाव्या दिवशी घरी आलो," बाबा म्हणाले. "आणि तुझ्या दारात आलो नाही, काकू."

पाल्मा काकूने त्यांच्याकडे बघितलं. ते परत आल्यापासून पहिल्यांदाच.

"टोक खाली लोंबू देऊ नकोस," ती म्हणाली. "दे इकडे." आणि त्यांच्या हातातून घेऊन तिने ते फुलाला चिकटवलं. मग ओल्या हाताने त्यांचा कान धरला, लहान मुलाचा धरतात तसा, आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी चूल मांडली. चर्चच्या मंडळाची कढई आणली, सणाला चणे उकडायची, तांब्याची, रुंद तोंडाची. तेल प्रत्येक घरातून आलं, कुणाकडून बाटली, कुणाकडून घागर. बाबांनी जाळीला तीन बाजूंनी तारा बांधून वर बोटीच्या वल्ह्यात अडकवल्या. वल्ह्याचं एक टोक त्यांच्या खांद्यावर, दुसरं फादर गाएतानोंच्या. फादर सकाळपासून थट्टा करत होते. "वीता, बुडालं तर मी दुसरा नवस नाही ऐकायचो हं."

आत्याने पिठाचा खडा तेलात टाकला. तो तळाला गेला, वळला आणि वर आला. "खाली," ती म्हणाली. "हळू. अजून हळू."

फूल तेलात उतरलं.

आधी काहीच झालं नाही. मग कडेच्या वाट्यांमधून बुडबुडे निघाले आणि आवाज आला, वाळूवरून लाट मागे जाते तसा. सगळ्या वाट्या एकदम उघडल्या. पट्टीच्या नागमोडी कडा ताठ झाल्या, पांढऱ्याच्या पिवळ्या, पिवळ्याच्या सोनेरी. रंग कडेकडून मध्याकडे फिरत गेला, गोल गोल, आम्ही आदल्या दिवशी वळलं होतं त्याच वाटेने उलटा. गल्लीत साठ-सत्तर माणसं असतील.  कुणीतरी टोपी काढली, मग सगळ्यांनी काढल्या.  पीठ, तेल, वाईन. सगळं आमच्याच घरांतलं. तरी असं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

"वर," आत्या म्हणाली.

ते वर आलं. अखंड. तेल गळत होतं आणि हिवाळ्याचं ऊन त्याच्यातून आरपार जात होतं. फादर गाएतानोंनी वल्हं खांद्यावर धरलं होतं आणि त्यांचे ओठ हलत होते. थट्टा करत नव्हते.

पाक पाल्मा काकूने आणला, सप्टेंबरात केलेला, दोन बरण्या. "करपलेला नाही. चाखून बघा हवं तर," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि पळीने एकेक वाटी भरत गेली. चारशे वाट्या. कुणाला हात लावू दिला नाही.

चौघांनी दाराच्या फळीवर ठेवून ते चर्चमध्ये नेलं. दुःखी मातेपुढे दोन दिवस राहिलं. ख्रिसमसच्या सकाळी मिस्साची प्रार्थना झाल्यावर ते सगळ्यांना वाटायचं होतं, पण मोडायला कुणी पुढे होईना. शेवटी आत्याच चिडली. "खायला केलंय ना? पाक गळतोय वेदीवर!" आणि तिने मुठीने मोडलं. गावात प्रत्येकाला एक वाटी आली. बाबांनी आपली उभ्या उभ्या खाल्ली, बोटं चाटली आणि दुसरी मागितली. पाल्मा काकूने एक मोठा तुकडा रुमालात बांधून घेतला. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.

पुढे वसंतात बाबा पुन्हा बोटीवर जायला लागले.

त्यानंतर पन्नास वर्षं मी दर डिसेंबरला कार्तेल्लाते करते आहे. अखंड पट्टी कितीतरी वेळा करून बघितली. पीठ गालासारखं मऊ, दार बंद, ओली फडकी, सगळं तसंच. पाच हातांच्या पुढे जात नाही. तुटते. आत्या म्हातारी झाल्यावर मी तिला एकदा विचारलं, "त्या दिवशी कशी गं नाही तुटली?"

तिने हातातली कातणी पुसून खाली ठेवली.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी ऐकत होते."